बेडूकमासे दगावले, असं लिहून द्या

माझ्या धाकट्या लेकीने सोमवारी त्या कागदावर सही केली नाही, तर तिची नोकरी जाईल. आणि केली, तर काय जाईल ते मला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी जाईलच. आठवडाभर हा घोर माझी पाठ सोडत नाहीये.

धाकटीला घरात सगळे किडूबाई म्हणतात. लहानपणी ती काड्यापेटीत सुरवंट घेऊन जेवायला बसायची. आम्हाला वाटलं, पोरगी डॉक्टर होणार. झाली जीवशास्त्राची शिक्षिका, तीही दोन बस बदलून जावं लागतं अशा गावात, ‘ग्रामीण जीवशास्त्र अध्यापन सुधार अनुदान’ या म्हणतानाच धाप लागणाऱ्या योजनेत. अनुदान आहे तोवर तिचा पगार, आणि तपासणीचा अहवाल चांगला असेल तोवर अनुदान.

या अनुदानातून शाळेला बेडूकमासे मंजूर झाले. मुलांनी बेडकाचं जीवनचक्र डोळ्यांनी बघावं म्हणून. शाळेमागच्या डबक्यात तेव्हा तेच वळवळत होते, पण डबकं पावती देत नाही. म्हणून तीन दुकानांकडून भाव मागवले आणि शहरातून कुरियरने बेडूकमासे आले. गाडी त्या डबक्याला वळसा घालूनच आली. किडूबाई म्हणाली, डबक्यातले नक्की डोकं वर काढून बघत असतील, हे कोण पाहुणे म्हणून.

मुलांनी ते नळाजवळच्या टाकीत सोडले. वर जाळी बांधली, उकडलेला पाला घातला, मांजर येऊ नये म्हणून पाळीपाळीने पहारा दिला. एका चुणचुणीत मुलीला पहिल्यांदा मागचे पाय दिसले, तेव्हा तिने हाका मारून सगळी शाळा गोळा केली. शेपूट आखूड झाली त्या दिवशी गणिताचा तास बुडाला. थोडक्यात, अनुदान ज्यासाठी दिलं ते घडलं, आणि तिथेच माशी शिंकली.

तपासनीस आले आणि टाकीत डोकावले. मंजूर यादीत बेडूकमासे, टाकीत मात्र औषधालाही एक नाही. उलट जाळीखाली बेडूक, जे यादीत कुठेच नव्हते. त्यांनी विचारलं, बेडूकमासे कुठे आहेत? किडूबाई म्हणाली, हे काय, समोर. हे तर बेडूक आहेत, ते म्हणाले. ती म्हणाली, हो, तेच. त्यांना वाटलं, बाई आपली चेष्टा करतेय. नेमका तेव्हाच बेडकांनी सूर लावला. खरेदी केलेल्या वस्तूंचा पत्ता नाही आणि विनामंजुरी प्राणी आढळले, असा शेरा मारून सोमवारी परत येतो म्हणाले.

हेडसर तसे भले गृहस्थ, पण निवृत्ती तोंडावर आलेली. त्यांनी तोडगा काढला. बेडूक गुपचूप डबक्यात सोडायचे आणि बाईंनी लिहून द्यायचं, की बेडूकमासे उष्म्याने दगावले.

“मरायला रकाना आहे, बाई,” ते म्हणाले. “मोठं व्हायला नाही.”

मुलांना काय सांगू, असं हिने विचारलं, तर म्हणाले, मुलांची सही लागत नाही.

हे ऐकून मी घाबरले आणि दादाला सांगून बसले. माझा थोरला भाऊ शिक्षण खात्यातून निवृत्त झालाय, तपासनिसांच्या साहेबांशी त्याचं अरेतुरेचं. तो म्हणाला, पोरीला आधी सही करू दे, मग मी साहेबांच्या कानावर घालतो, नोकरी पक्की समज. “अगं, बेडूक कागदावर मेला काय नि जगला काय, त्याला कुठे वाचता येतं?” उद्या सकाळी काय ते कळव, म्हणाला.

मला ते पटलं. संध्याकाळी मी लेकीला फोनवर तेच ऐकवलं, की एका सहीने काय झिजतं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, ज्या मुलीला मागचे पाय पहिल्यांदा दिसले ना, तिच्या कानावर सगळं गेलंय. तिने विचारलं, बाई, परीक्षेत बेडूकमाशाचा बेडूक होतो असं लिहायचं, की तो मरतो असं?

“काय सांगितलंस?” मी विचारलं.

“बेडूक होतो. मग सोमवारी मी काय लिहू, आई?”

मी म्हटलं, जेवलीस का नीट? उत्तर सापडलं नाही की आई जेवणावर येते.

घरातले सगळे झोपलेत. मला मात्र ती टाकीवरची जाळी दिसतेय, आणि त्या जाळीभोवती उभी राहिलेली पोरं. दादा पहाटेच उठतो. उठला की त्याला फोन लावणार आहे. साहेबांच्या कानावर काही घालू नकोस, ती सही करणार नाही आणि मीही तिला पुन्हा सांगणार नाही, एवढंच बोलायचंय. तो चिडेल, पोरीच्या पोटावर पाय देतेस म्हणेल. म्हणू दे. मागची खोली रिकामीच आहे; नोकरी गेलीच तर येईल घरी, फार तर मला काड्यापेट्या लपवून ठेवाव्या लागतील. पण फोन लवकरच लावायला हवा. नाहीतर माझं होतं असं, की उजाडलं की भीती वाढते, आणि दादा आधी साहेबांना फोन करून मोकळा होतो.