रत्नपाल वायरमनचे हॉर्न

मिल बंद पडली तेव्हा रत्नपाल एक्केचाळीस वर्षांचा होता आणि त्याला एकच काम येत होतं: वीज जिथून येते तिथून ती जिथं हवी तिथं नीट पोचवणं. महूला पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या बाबूरावांचा तो धाकटा मुलगा. पोरानं वर्दी घालावी असं बाबूरावांना फार वाटे, पण पोराचा जीव तारांमध्ये. आयटीआय करून तो इंदुरात परदेशीपुऱ्याच्या बाजूच्या एका कापड मिलमध्ये वायरमन म्हणून लागला आणि वीस वर्षं तिथंच राहिला. मग एक दिवस गेटवर नोटीस चिकटली. आधी सगळ्यांना वाटलं, पंधरा दिवसांत मामला सुटेल. पण महिने गेले, सभा झाल्या, भाषणं झाली, आणि गेटच्या आतल्या बाजूला गवत कमरेएवढं वाढलं.

त्याच दिवसांत शहरात मोटारी वाढायला लागल्या. ज्या ए. बी. रोडवर चार गाड्या एकापाठोपाठ दिसल्या की लोक वरात समजायचे, तिथं मारुत्यांची रांग लागायला लागली. रत्नपालची बायको प्रभावती नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. तिनंच एके दिवशी म्हटलं, "अहो, गाडी म्हणजे तरी काय? छोटी मिलच की. बॅटरी आहे, तारा आहेत, बटणं आहेत. करून तर बघा."

पाटनीपुऱ्याच्या चौकाजवळ एक पत्र्याची टपरी मिळाली. दिवे, वायपर, टेप, जे येईल ते काम रत्नपाल करी. पण टपरी चालली ती हॉर्नवर. नवी गाडी घेतलेल्या माणसाला कारखान्यातून आलेला एकच हॉर्न पुरत नसे. त्याला जोडी हवी असायची, एक जाड आवाजाचा, एक पातळ आवाजाचा, दोन्ही एकदम वाजले की पुढचा माणूस दचकून बाजूला झाला पाहिजे.

इतर दुकानदार जुन्याच तारेला नव्या हॉर्नची जोडी लटकवून मोकळे होत. मग महिन्याभरात स्टिअरिंगमधलं बटण जळे. रत्नपाल तसं करत नसे. बॅटरीपासून वेगळी जाड तार, तिच्यात फ्यूज, मग रिले, आणि रिलेपासून हॉर्न. "बटणानं फक्त हुकूम द्यायचा भिया, ओझं रिलेनं उचलायचं," असं तो गिऱ्हाइकाला समजावी. अर्थची तार कसताना खालचा रंग खरवडून लोखंड उघडं करी. हॉर्नचं तोंड जरा खाली झुकवी, म्हणजे पाणी आत साठायचं नाही. त्यानं जोडलेली तार सुटून आली असं एकदाही झालं नाही. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि असायला हरकतही नव्हती.

हरकत होती ती एका वाक्याला. काम झालं की तो बोनेट खाली पाडी, गिऱ्हाइकाला बटण दाबायला लावी, चौकातली माणसं वळून बघत, आणि रत्नपाल हसून म्हणे, "बघा भिया, आता ब्रेक की जरूरत नहीं." गिऱ्हाईक खूश होई. पुढं लोक हे वाक्य ऐकायलाच येतात की काय असं वाटण्याइतकं ते चाललं.

टपरीवर रोज सकाळी एक माणूस येई. दौलतराव. मिलमध्ये ते मागांवर होते. तीनशे माग एकदम धडधडायचे त्या शेडमध्ये त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. तिथं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून विणकर ओठांवरून बोलणं वाचायला शिकत. रत्नपाल मागांच्या मोटारी दुरुस्त करायला त्या शेडमध्ये जाई तेव्हा दौलतराव दुरूनच ओठ हलवून त्याला विचारत, "जेवलास का?" आणि तो मान हलवी. मिल गेली, पण त्या शेडनं दौलतरावांचे कान आधीच नेले होते. आता ते सायकलला पत्र्याचा डबा बांधून टोस्ट आणि खारी विकत. गल्लीत "टोस्टवालेऽ" म्हणून ओरडत तेव्हा आपला आवाज किती मोठा लागतोय हे त्यांना कळत नसे. बायका हसत आणि बाहेर येत. फेरी संपली की टपरीसमोर बसून ते एक कट चहा घेत.

"तुझे हॉर्न भारी असतील रे," ते एकदा म्हणाले होते. "लोक कानावर हात ठेवतात, त्यावरून समजतं मला."

दोघंही त्यावर खूप हसले होते.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात धनेश आला. बँकेतल्या कारकुनाचा मुलगा, बायपासकडच्या नव्या कॉलन्यांमधले प्लॉट विकायचं काम करायचा, आणि नुकतीच लाल मारुती घेतली होती. त्याचा हॉर्न घोगरा झाला होता, तो नीट करून हवा होता, बस. तार ढिली होती. घट्ट केली असती तर भागलं असतं. पण रत्नपालनं जोडी दाखवली.

"इतना तेज कशाला हवा, रत्नपालजी?" धनेश म्हणाला. "मी काय ट्रक चालवतो का?"

"अहो, तुमचं काम धावपळीचं. प्लॉटवर पार्टी उभी, आणि तुम्ही इथं सायकलवाल्यांच्या मागे अडकलात तर?"

ते त्याला पटलं. दोन तासांत जोडी बसली. बोनेट खाली पडलं, बटण दाबलं गेलं, आणि रत्नपालनं आपलं वाक्य म्हटलं. धनेशनं टाळी दिली आणि गेला.

तीनएक आठवड्यांनी दौलतराव चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. सर्दी-पडसं झालं असेल, संध्याकाळी घरी जाऊन बघू, असं रत्नपालनं ठरवलं. त्याच दुपारी लाल मारुती टपरीसमोर थांबली. पुढची जाळी तुटली होती, एक हॉर्न वाकून आत गेला होता. धनेशचा चेहरा उतरलेला.

"ठोकली का?" रत्नपालनं बोनेट उघडत विचारलं.

"माणूस आला हो मध्ये. काल सकाळी. सायकलवाला, बुजुर्ग आदमी. गल्लीतून निघाला आणि सरळ रस्त्यावर. मी हॉर्न मारला, दाबूनच धरला. आख्खा मोहल्ला बाहेर आला, पण तो बघेचना! मला वाटलं होईल बाजूला. सगळेच होतात ना. ब्रेकवर पाय गेला तोवर..." तो थांबला. "मीच उचलून हॉस्पिटलात नेलं. नंतर कळलं, त्याला ऐकूच येत नाही. रस्ताभर टोस्टच टोस्ट पडले होते."

रत्नपालचा हात पान्यावर तसाच राहिला. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्यानं विचारलं, "जिवंत आहे?"

"आहे. खुब्याचं हाड गेलं."

पुढं जे झालं ते रत्नपालला आयुष्यभर समजलं नाही. त्यानं तो हॉर्न काढला, ठोकून सरळ केला, परत बसवला, अर्थची तार तपासली, बटण दाबायला लावलं. हात सवयीनं चालत राहिले. दोन्ही सूर नीट लागले. धनेश गेला, तेव्हा कुठं तो भानावर आला. टपरी ओढून घेतली आणि सायकल हॉस्पिटलकडे वळवली.

दौलतराव वॉर्डात पडून होते, पायाला वजन बांधलेलं. रत्नपालला बघून ओशाळल्यासारखं हसले.

"बघ ना, काय करून बसलो! चूक माझीच. त्या पोरानं हॉर्न दिलाच असणार, मलाच ऐकू आला नाही. बिचारा रडत होता रे. मी हात जोडले त्याला. म्हटलं, बाबा, माफ कर, माझ्यापायी तुझी गाडी फुटली."

रत्नपालनं तोंड उघडलं. तो हॉर्न मी बसवला, त्या पोराला नको होता, मीच गळ्यात मारला, आणि ब्रेकची गरज नाही असं मीच त्याला सांगितलं. एवढंच बोलायचं होतं. दौलतराव नेहमीसारखे त्याच्या ओठांकडे बघत होते. रत्नपाल म्हणाला, "आराम करा. मी येत जाईन."

येतही गेला. डबा नेई, औषधं आणी, दौलतरावांच्या मुलाला, मालोजीला, झोपायला खोलीवर पाठवून रात्री स्वतः बसे. मालोजी दीड-दोन तासांवरच्या गौतमपुऱ्याला मंडीत धान्याची तोलाई करायचा. तो सगळ्यांना सांगे, असा दोस्त नशिबानं मिळतो. ते ऐकलं की रत्नपाल उठून बाहेर जाई.

प्रभावतीला त्यानं सांगितलं. तिनं हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "गाडी तुम्ही चालवत नव्हता. पण ते स्वतःला दोषी धरून बसलेत, ते तर तुम्ही थांबवू शकता. जाऊन सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

पण दौलतरावांना सुट्टी मिळाली आणि मालोजी त्यांना गौतमपुऱ्याला घेऊन गेला. खोली सुटली, सायकल भंगारात गेली. रत्नपालनं दोन दिवाळ्या 'पुढच्या महिन्यात जाऊ' म्हणत काढल्या. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथं होणाऱ्या हिंगोटाच्या, म्हणजे जळत्या फळांच्या लढाईची गर्दी ओसरल्यावर, तो एकदाचा बसमध्ये बसला.

दौलतराव ओसरीवर खाटेवर होते, शेजारी कुबडी. आता त्यांना अजिबातच ऐकू येत नव्हतं. सून आत पोळ्या करत होती. रत्नपाल त्यांच्या समोर बसला आणि आवाज न काढता, मागांच्या शेडमध्ये बोलायचे तसा, एकेक शब्द सुटा करून बोलला. हॉर्न कुणी बसवला. गिऱ्हाईक नको म्हणत असताना कसा विकला. बटण दाबल्यावर काय म्हटलं. हॉस्पिटलात का गप्प राहिलो. सगळं.

दौलतरावांनी शेवटपर्यंत नजर हटवली नाही. त्याचे ओठ थांबल्यावरही ते तसेच बघत राहिले. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंस."

सून दारात आली. दौलतरावांनी हातानंच तिला आत जायला सांगितलं.

"तीन वर्षं मी घरात मान खाली घालून बसलोय, रत्नपाल. मालोजीनं मला सायकल चालवू नका म्हणून किती वेळा सांगितलं होतं. माझ्याच हट्टानं मी त्याच्या गळ्यात पडलो, असं रोज वाटायचं. हॉर्न तू बसवलास, ठीक आहे. पोट आहे. पण माझ्यासमोर बसून, मला डबा भरवत, तू गप्प राहिलास."

रत्नपालनं हात जोडले. दौलतरावांनी ते खाली केले, पण धरून ठेवले नाहीत. पुढं चहा आला, सोयाबीनच्या भावाचं बोलणं निघालं, आणि संध्याकाळच्या बसनं तो परतला.

त्यानंतर तो दोनदा गौतमपुऱ्याला गेला. दौलतराव नीट बोलले, मिलच्या थकबाकीचं विचारलं, रत्नपालच्या लेकीच्या, धम्मदीनाच्या, कॉलेजचं विचारलं. त्या विषयावर कुणीच गेलं नाही. "जेवलास का?" मात्र त्यांनी परत कधी विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मालोजीचा निरोप पोचेपर्यंत तिसरा दिवस उलटला होता.

हॉर्नच्या जोड्या रत्नपालनं लगेच बंद केल्या नाहीत. लेकीचं शिक्षण चालू होतं. पण ते वाक्य तोंडातून गेलं. एखादा जोडी मागायला आला तर तो म्हणे, "आहे तोच साफ करून देतो, पुरेल." निम्मे लोक समोरच्या दुकानात जात. हळूहळू तो गाड्या सोडून पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या कामाकडे वळला.

काही वर्षांनी धनेश मोठी चंदेरी गाडी घेऊन आला. अंगानं भरला होता, हातात दोन-दोन मोबाइल.

"रत्नपालजी, हिला पण तशीच जोडी पाहिजे. तुमच्या हातची."

"मी आता हॉर्न बसवत नाही, धनेश भिया."

"का हो?"

रत्नपालच्या हातात तांब्याच्या तारेचं रीळ होतं. तो टोस्टवाला आपला दोस्त होता, हे सांगावं असं त्याच्या मनात आलं. या माणसालाही कदाचित काही वाटत असेल, इतकी वर्षं. पण समोर गिऱ्हाईक पंपाची मोटार घेऊन उभं होतं, आणि धनेशचा एक मोबाइल वाजायला लागला होता.

"नजर कमी झाली," तो म्हणाला.

धनेशनं फोन कानाला लावला, हात हलवला आणि गाडी वळवून घेतली.