आईच्या फोनची आवराआवर

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, वेबसाइट बनवते. खरं तर माझा निम्मा दिवस वस्तू काढून टाकण्यात जातो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराला पहिल्याच पानावर स्वतःचा हसरा फोटो हवा असतो, त्याखाली लुकलुकणारं ‘नवीन’, आणि सरकत्या पट्टीत दिवाळीच्या शुभेच्छा, त्याही मार्च महिन्यात. मी भांडते. साहेब, जरा मोकळी जागा ठेवा, बघणाऱ्याला श्वास घेऊ द्या! ते म्हणतात, मॅडम, एवढी जागा आहे तर रिकामी कशाला सोडायची? बहुतेक वेळा शेवटी माझंच खरं होतं, आणि मला फार बरं वाटतं.

पसारा दिसला की माझं डोकंच फिरतं. आईचा फोन तर बघवत नव्हता. गुलाब, कमळ, वाफाळता चहा, दव पडलेली जास्वंद आणि प्रत्येकावर सोनेरी अक्षरात शुभ सकाळ. “फोन सारखा अडकतो गं,” अशी तक्रार तिनंच केली होती. मग एका रविवारी मी पदर खोचून बसले. फोटो उडवले, न लागणारी अ‍ॅप काढली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जिथे जिथे नुसती फुलं दिसली ते सगळं ‘अर्काइव्ह’मध्ये ढकललं. म्हणजे माळ्यावर टाकल्यासारखंच. पुसलं जात नाही, पण समोर दिसत नाही, आणि नवीन काही आलं तरी फोन वाजत नाही. कॉलनीतल्या बायकांचा ग्रुप गेला, योगाचा ग्रुप गेला, मालेगावची मावशीही गेली. तिथे वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं मी, फुलांशिवाय काही नव्हतं.

“बघ, कसा चकाचक झाला,” मी म्हणाले.

“छान दिसतोय,” आई म्हणाली. काय काढलं ते मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ऑफिसात मी नव्या पोरांना घसा कोरडा करून सांगते, वापरणाऱ्याला आधी विचारा. घरात कोण विचारतंय!

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिला ऐकू येईनासं झालं तशा दोघींच्या फोनवरच्या लांबलचक गप्पा संपल्या. मराठीत टाइप करणं दोघींनाही जमत नाही. म्हणून रोज सकाळी मावशी एक फूल पाठवायची आणि आई एक फूल पाठवायची. झालं, तेवढ्यावर त्यांचा दिवस सुरू व्हायचा. मला तो कचरा वाटला.

हे मला कळलं ते थंडीत. मेथी निवडता निवडता आईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “कुणी आपल्याला ब्लॉक केलं की कळतं का गं?”

“अय्या! तुला कोणी ब्लॉक केलं? काय उद्योग करून बसलीस?” मी हसत सुटले.

“आक्कानं,” ती म्हणाली, आणि मान खाली घालून निवडतच राहिली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गणपतीच्या आधी एका बारशाला आई सगळ्यांसमोर वैतागून बोलून गेली होती, “आक्का, तुझ्याशी बोलून माझा घसा बसतो बाई!” सगळे हसले, मावशीही हसली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी आईच्या फोनमधून दिसेनाशी झाली. आईनं मनाशी धरलं की आपलं बोलणं तिला लागलं आणि तिनं आपल्याला काढून टाकलं. फोन करावा तर मावशीला ऐकू येत नाही, आणि तिच्या मुलाला मध्ये घालायची हिला लाज.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? सख्ख्या बहिणीनं तोडलं म्हणून सांगू?”

मला तो आवराआवरीचा रविवार आठवला. हात पुसून फोन घेतला आणि तो माळा उघडला. सगळ्या ग्रुपांच्या खाली मावशी होती. फुलं, फुलं, आणि मग तिनं बोलून पाठवलेले निरोप. आम्ही ते एकामागून एक ऐकले. तिचा आवाज नेहमीसारखा मोठ्ठा, बोलण्यात मधूनच अहिराणी.

“अगं, फूल नाही तुझं. तब्येत बरी शे ना?”

“सोमवारी नाशिकला येतेय, कानाचं मशीन बसवायचंय. पोराला सुट्टी नाही, एकटीच येतेय. तुझ्याकडेच उतरते. नवं घर मला ठाऊक नाही, कोणाला तरी पाठव.”

“द्वारकाला उतरले गं. थांबलेय.”

“बरं, राहू दे. कामात असशील. मी रिक्षानं दवाखान्यात जाते.”

त्यानंतरही काही दिवस फुलं होती. पुढे तीही नव्हती. द्वारका चौकातला तो धूर, ते हॉर्न, आणि कडेला पिशवी धरून उभी असलेली मावशी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या सोमवारी मी घरीच होते, काम करत. आमच्या पाथर्डी फाट्यावरून द्वारका ती कितीशी लांब! मला माझी भयंकर चीड आली. आई मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त फोन मागून घेतला आणि मावशीला लावला.

“आक्का, मी बोलतेय.”

“अगं बाई! किती स्पष्ट येतोय तुझा आवाज!” मावशी एवढ्या खुशीत होती की बाजूला बसून मलाही ऐकू येत होतं.

आई घाईघाईनं सांगायला लागली, फोनमध्ये असं झालं, पोरीनं तसं केलं, मला दिसलंच नाही. मावशीनं मध्येच थांबवलं.

“जाऊ दे गं. राग नाही आला मला. एवढंच वाटलेलं, मशीन बसवलं की आधी तुझ्याशी बोलायचं. डॉक्टर पण म्हणाले, घरच्या माणसाशी गप्पा मारा, सवय होईल. मग काय, परतीच्या गाडीत कंडक्टरशी बोलले. ‘आजी, सुट्टे द्या’ म्हणाला. खणखणीत ऐकू आलं बघ!”

आईनं तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. तिचे खांदे हलत होते, आवाज मात्र अजिबात फुटत नव्हता.

“हॅलो?” पलीकडून मावशी म्हणाली. “बोल की गं. हॅलो? बंद पडलं वाटतं मेलं मशीन.”