मागचं पीप

गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन जातं, पण त्याचा किस्सा आमच्या शोरूममध्येच सोडून जातं. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या हायवेवर चौदा वर्षं मी छोटे ट्रॅक्टर विकतोय, म्हणजे विचार करा किती साठले असतील. पूर्वी चहाबरोबर हसत सांगायचो. आता सांगायला बसलो की शेवटी नको तिथेच येऊन पोचतो. पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

आम्ही मुख्य माणसं तीन. शेठ, म्हणजे मालक, सुरतचेच. नाना, आमचे फिटर आणि डेमो ड्रायव्हर, पारोळ्याकडचे. आणि मी संजय, अमळनेरचा, बोलायच्या कामाला. आमचा माल म्हणजे लहान ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढे लोडर, दोन दांडे अन् टोकाला बकेट. गिऱ्हाईक कुठूनही येवो, पहिला प्रश्न ठरलेला. "किती उचलतो?"

* * *

कतारगामचा एक हिऱ्यांचा कारखानदार आला. त्याला फार्महाऊसवर माती हलवायची होती. चार कंपन्यांची पत्रकं घेऊन आलेला, आणि प्रत्येकातल्या आकड्याला पेनाने गोल केलेला. आमचा सहाशे किलो, दुसऱ्याचा सातशे. माझ्या तोंडावर म्हणाला की तुमचा कमी आहे, मग बोलायचं काय?

नानांनी पाण्याचा वीस लिटरचा जार उचलून त्याच्या हातात दिला. छातीशी धरा म्हणाले, त्याने आरामात धरला. मग म्हणाले, आता हात लांब करा. साहेबांचे हात पुढे गेले, थरथरले, आणि जार आदळून सगळं पाणी त्यांच्या बुटात.

"तो सातशे छातीशी मोजलाय," नाना म्हणाले. "तुमची माती बकेटच्या टोकाला असणार, आणि तीही वर न्यायची असणार."

खरी गोष्ट आहे ती. आकडा मोजतात दांड्याला बकेट जोडलेली असते त्या पिनेपाशी. टोकाला तो कमी होतो, पूर्ण उंचीवर आणखी कमी. नाना तिथे थांबले असते तर बरं झालं असतं, पण आमचा सहाशेही पिनेपाशीच मोजलाय, हेही सांगून मोकळे झाले! शेठ केबिनच्या काचेतून बघत होते. गिऱ्हाईक ओल्या बुटांनी गेलं आणि दुसरीकडून सातशेवाला घेऊन मोकळं झालं.

* * *

एका तबेलेवाल्याचं वेगळंच. त्याला ना पत्रक हवं होतं, ना आकडा. मेलेली म्हैस उचलेल का, एवढंच विचारत होता.

मी म्हटलं, काका, म्हशीचं वजन किती धरायचं? तो म्हणाला, "जिवंत असताना विचारतोस की मेल्यावर? मेल्यावर जड होते, भाऊ. सहा माणसांनी ओढलीय मी."

नानांनी त्याला नीट बसवून सांगितलं की पुढे म्हैस घ्यायची तर मागे वजन बांधायचं, नाहीतर मागची चाकं हवेत. तो मुकाट्याने मागचं वजन घेऊन गेला. आकडे मागणाऱ्यांपेक्षा म्हैस ओढलेला माणूस शहाणा निघाला.

* * *

मागचं वजन म्हणजे एक पीप. लोखंडी ड्रम, आत काँक्रीट भरलेलं, ट्रॅक्टरच्या मागे अडकवायचं. नाना घरात अहिराणीच बोलायचे, आणि कामावरही त्यांचं एक वाक्य तसंच यायचं. "मांगे वजन नही, ते पुढे उचल नही."

शेठचं म्हणणं उलटं. डेमोत पीप दिसलं की गिऱ्हाईक विचारतं, हे किमतीत आहे का? नाही म्हटलं की विचारतं, मग ट्रॅक्टर कच्चा आहे का? म्हणून शेठ ओरडायचे, "पाछळ कशुं नहीं!" मागे काही नको. पीप भिंतीशी पडून राहायचं.

आणि पुढे काय उचलायचं? आम्हाला! यार्डात वजनं कुठली? शेठ टाळी वाजवून म्हणायचे, "चलो, वजन!" की मी, वॉचमन, गाड्या धुणारा आणि हिशेबनीस बकेटमध्ये उभे. नाना नाइलाजाने आम्हाला वर न्यायचे, अगदी हळू, श्वास धरून. वर गेल्यावर गिऱ्हाईक टाळ्या वाजवायचं. मी बहात्तर किलोचा, तर शेठ मला "अमारुं बोत्तेर" म्हणून ओळख करून द्यायचे. हसायचो मीही.

* * *

हा किस्सा नाही. पण याच्याशिवाय पुढचा सांगता येत नाही.

एका डाइंग मिलला कापडाचे गठ्ठे उचलायला लोडर हवा होता. तिथे नानांचा धाकटा भाऊ सुकलाल ड्रायव्हर होता, म्हणून ते गिऱ्हाईक आमच्याकडे आलं. मॅनेजरने गठ्ठा काट्यावर ठेवून दाखवला. मी आकडा बघितला आणि म्हटलं, आरामात उचलेल. पिपाचं विचारलं तेव्हा म्हटलं, लागलं तर नंतर घ्या. विकणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं.

काट्यावरचं कापड कोरडं होतं. मिलमध्ये उचलायचं होतं ते रंगातून निघालेलं, ओलं. सुरतेत इतकी वर्षं काढली, घरोघरी कापडाची माणसं, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. उंच ओट्यावर ठेवायला सुकलालने ओला गठ्ठा वर नेला. मागची चाकं सुटली, ट्रॅक्टर एका अंगावर गेला. सुकलाल खाली. मिलवाले म्हणाले, ड्रायव्हरची चूक.

मी नानांच्या घरी गेलो. बायका आत रडत होत्या. नानांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "संजू, तू त्यासले पीपनं सांगेल व्हतं का?"

म्हणजे, मी मिलवाल्यांना पिपाचं सांगितलं होतं का. मी म्हटलं, "सांगितलं होतं, नाना." शब्दशः खोटं नव्हतं ते, ‘लागलं तर’ म्हटलं होतंच. लाज वाटते अजून.

* * *

तेराव्यानंतर नाना कामावर आले. माझ्याशी बोलणं कामापुरतंच. शेठना दोनदा म्हणाले की आता तरी डेमोला पीप लावू द्या. शेठनी दोनदा ऐकून घेतलं आणि दोन्ही वेळा नाही म्हटलं.

चार दिवसांनी एक नर्सरीवाला गिऱ्हाईक म्हणून आला. त्याचंही तेच, किती उचलतो? शेठनी टाळी वाजवली, "चलो, वजन!" आम्ही सवयीने निघालो. नाना सीटवर होते, इंजिन चालू, बकेट जमिनीवर. त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

"आज शेठ बसतील," म्हणाले.

नर्सरीवाल्याला मजा वाटली. तो म्हणाला, हां शेठ, बसोने! शेठही हसले. गिऱ्हाईकासमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी पँट वर ओढली, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि एक पाय बकेटमध्ये ठेवला. मग मान वळवून ट्रॅक्टरच्या मागे बघितलं. तिथून भिंतीकडे. पीप तिथेच होतं.

शेठनी पाय काढून घेतला.

"नाना," ते हळूच म्हणाले, "पहेला पाछळ पीप लगावो."