शेडबाहेरची गाडी

दादाने २०१४ साली ती जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार डहाणूच्या एका चिकूच्या वाडीतून ओढून आणली, तेव्हा वहिनी म्हणाली, "ही गाडी कुठली, हा तर सांगाडा आहे." खरंच होतं ते. खाऱ्या वाऱ्याने तिचा खालचा पत्रा पार खाऊन टाकला होता.

दादा वापीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. मी त्याची धाकटी बहीण, तलासरीत शिक्षिका. मी लग्न केलं नाही, त्यामुळे उधवा गावातल्या घरी आम्ही तिघंच. घरामागे लोखंडी खांब रोवून, वर हलके पत्रे ठोकून त्याने शेड उभारली आणि आमचे रविवार तिथे जाऊ लागले. तो गाडीखाली, मी उजेडासाठी बॅटरी धरून बाहेर. सडलेला पत्रा कापून त्याने नवा वेल्ड केला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, मूळचा गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा घातला. मागवलेला सुटा भाग यायला महिने लागत, आणि आला की तो बसतच नसे. दादा चिडायचा नाही. "घासू की," म्हणायचा. रंग मी निवडला, गडद हिरवा. फक्त इंजिन चढवायचं राहिलं होतं.

२०१८च्या दिवाळीनंतर धक्के सुरू झाले. जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा आणि मांडणीवरची भांडी वाजायची. एका दुपारी दादा चहासाठी गाडीखालून बाहेर आला, कप तोंडाला लावला, आणि जमीन अशी हलली की गाडी स्टँडवरून सरकून धाडकन खाली आदळली. वहिनी धावत आली. आधी तिने वाकून गाडीखाली पाहिलं, मग खांबाशी उभा असलेला दादा दिसला तशी तिने हात धरून त्याला शेडबाहेर ओढलं.

त्यानंतर दादा गाडीखाली गेला नाही. मी एकदा म्हटलं, "आता पक्के ठोकळे लावू." तो हत्यारं पुसून पेटीत भरत राहिला.

धक्के थांबेनात. शेजारच्या पाड्यातल्या घरांना तडे गेले. शाळेत आम्ही मुलांना बाहेर मांडवात बसवून शिकवायचो, आणि जमीन हलली की मुलं माझ्याकडे बघायची. मग पाड्यातली एक म्हातारी आली. "बाय, तुमच्या शेडला भिंती नाहीत. पोरं तिथं निजवू का?"

दादाने तिला नीट बोलूही दिलं नाही. "गाडी बाहेर काढायला चार जण पाठवा," म्हणाला.

गाडीचा हिवाळा ताडपत्रीखाली निघाला. पावसाळा आला, तरी भीती गेली नव्हती आणि माणसंही शेडमध्येच होती. वाऱ्याने ताडपत्री फाटायची, मी बांधायची, ती पुन्हा फाटायची. खिडकीतून गाडीच्या सीटवर साचलेलं पाणी दिसायचं. बाहेरच्या ओट्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं इंजिनही ओलं होत होतं. न राहवून मी म्हटलं, "दादा, निदान इंजिन तरी शेडच्या आत ठेवू या."

"आत कुठे? तिथे बाळंतीण निजली आहे."

शेडमधून तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू येत होतं.

पाऊस ओसरल्यावर लोक हळूहळू आपापल्या घरी गेले. त्या मुलीच्या बापाने आणि त्याच्या भावांनी गाडी परत शेडमध्ये ढकलायला खांदे लावले, पण ब्रेक गंजून घट्ट बसले होते. चाकं फिरेनात, नुसती घासत आली. दादाने स्क्रूड्रायव्हरने खालचा नवा पत्रा टोचला. टोक सहज आरपार गेलं.

"घासू की," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं. "नाही गं," तो म्हणाला, "आता गाडीखाली झोपायची हिंमतच होत नाही." आणि हात धुवायला निघून गेला. मी शेडमध्ये उभी राहिले. मग ताडपत्री ओढून ती गाडीवर पुन्हा बांधली.