अण्णांची जागा

अण्णांचा प्रोग्रॅम माणसांशी नावानं बोलायचा. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या पंपांच्या कारखान्यात स्टोअर्सपासून गेटपासपर्यंत सगळं त्यांनी एकट्यानं लिहिलेल्या त्या प्रोग्रॅमवर चालायचं. कुणाकडून चूक झाली तर पडद्यावर इंग्रजीतली लाल धमकी येत नसे. कन्नडमध्ये साधं वाक्य यायचं, ‘मंजुनाथ, हा नंबर काल वापरलाय, परत बघ.’ काम लांबलं की यायचं, ‘स्वल्प तडीरी’, म्हणजे जरा थांबा.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले होते. पुण्याहून बंगळूरला येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि मी एका मोठ्या आयटी कंपनीत होते. कारखान्यानं संगणकाचं सगळं काम आमच्या कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. अण्णांचं कंत्राट ऑगस्टअखेर संपणार होतं आणि तोवर तीन महिन्यांत त्यांच्याकडून सगळं शिकून घ्यायला मला पाठवलं होतं. सरळ सांगायचं तर मी त्यांची जागा घ्यायला आले होते, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी गेले तर त्यांनी स्वतःचं अर्धं टेबल रिकामं करून शेजारी खुर्ची मांडून ठेवलेली. माझं आडनाव वाचून एकदम मराठीत म्हणाले, “तू आमच्यातलीच की गं. आमच्या पणजोबांचे पणजोबा मराठ्यांच्या लष्कराबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले.” मग कॅन्टीनवाल्याला हाक मारून दोन कॉफ्या मागवल्या. पीण्यात मराठी ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं.

अठरा वर्षं ते तिथं काम करत होते, पण कारखान्याचे नोकर कधीच नव्हते. दर वर्षी कंत्राटावर नवी सही व्हायची. कुणी त्याबद्दल हळहळलं की म्हणायचे, “मी इथला पाहुणा. मुक्काम जरा लांबला, एवढंच.”

सकाळी आल्यावर ते संगणक उघडत नसत. आधी खाली जाऊन सगळ्या कारखान्यात एक फेरी मारत. मलाही बरोबर नेत. “चूक आधी खाली होते, मग वर दिसते,” असं त्यांचं म्हणणं. एकदा स्टोअर्सचे आकडे चुकायला लागले. वर सगळे प्रोग्रॅमला नावं ठेवत होते. अण्णा लक्ष्मम्माच्या टेबलाशी जाऊन दहा मिनिटं नुसते उभे राहिले. लक्ष्मम्मा स्टोअर्समधली सगळ्यात जुनी बाई. ती तीनाला आठ वाचत होती. अण्णांनी कुणाला काही सांगितलं नाही. वर येऊन फक्त तिच्या पडद्यावरची अक्षरं मोठी केली. पुढं कधीतरी मी विचारलं, एका माणसासाठी असं वेगळं लिहिणं नियमात बसतं का? म्हणाले, “नसेल बसत. पण तिला दिसतंय ना?”

असे लोक हातचं राखून सांगतात, नीट लक्ष ठेव, असं मला कंपनीत बजावलेलं होतं. आमची प्रत्येक बैठक रेकॉर्ड व्हायची. अण्णा कॅमेऱ्याकडं बघून म्हणायचे, “माझ्या लग्नाचं सुद्धा एवढं शूटिंग झालं नव्हतं.” त्यांनी काहीच राखलं नाही. कुठं घाईत चुकीचं लिहिलं, कुठं अजून ठिगळ आहे, तेही दाखवलं.

शेवटच्या आठवड्यात माझ्या यादीतलं सगळं शिकून झालं होतं. कॅमेरा बंद करून मी उठले तेव्हा ते म्हणाले, “बस. एक राहिलंय.” एक एप्रिलला गेटपासचे क्रमांक नव्यानं सुरू होतात. त्याआधी हातानं एक बदल करावा लागतो, नाहीतर एकही पास छापला जात नाही. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मी वही उघडली, पण लिहिलं नाही. मग मीच म्हटलं, “अण्णा, हे नाही सांगितलंत तर एप्रिलमध्ये त्यांना तुम्हाला बोलवावं लागेल.”

“ठाऊक आहे की.”

“मग?”

“गाड्या गेटवर अडकतील. ड्रायव्हर लोक उन्हात बसतील. मला बोलावणं यावं म्हणून त्यांनी का उन्हात बसायचं? लिही.”

मी लिहून घेतलं. त्यानंतर मी ‘सर्व माहिती मिळाली’ या कागदावर सही केली.

ते नोकर नव्हते, म्हणून निरोप समारंभ झाला नाही. जेवणाच्या सुट्टीत स्टोअर्सच्या लोकांनी म्हैसूरपाक आणला, तेवढंच. संध्याकाळी त्यांनी गेटवर ओळखपत्र परत दिलं आणि बसस्टॉपकडं चालू लागले.

पण लोक त्यांना फोन करत राहिले. काही अडलं की आमच्या कंपनीत तक्रार नोंदवायची आणि उत्तराची वाट बघायची, हे त्यांना जमेना. अण्णा घरून दोन मिनिटांत सांगत. माझ्या मॅनेजरला हे कळलं. बाहेरच्या माणसाशी कामाबद्दल बोलणं नियमाविरुद्ध आहे, तूच जाऊन त्यांना सांग, असं त्यांनी मला सांगितलं.

रविवारी मी बंगळुरातल्याच बनशंकरी भागात त्यांच्या घरी गेले. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, खायला उप्पिट्टू केलं होतं. मी जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. फॅक्टरीतल्या कुणाशी आता बोलू नका, असंच म्हणाले मी.

“सरी, ठीक आहे,” अण्णा म्हणाले. “नियम आहे तर आहे.” माझ्यासमोरच त्यांनी लक्ष्मम्माला फोन लावला आणि उद्यापासून या मुलीला विचारा, हिला सगळं येतं, असं कन्नडमध्ये सांगितलं. फोन टेबलावर ठेवून ते आत जाऊन बसले. दारापर्यंत सोडायला अक्का आल्या. हळूच म्हणाल्या, “तेवढंच राहिलं होतं गं त्यांच्याजवळ.”

अण्णांनी दुसरीकडं काम शोधून पाहिलं. सगळीकडं प्रमाणपत्रं मागत होते आणि वय विचारत होते, असं कानावर आलं. मी भेटायला जायचं ठरवत राहिले आणि गेले नाही.

एक एप्रिलला सकाळी सातला मी गेटवर उभी होते. पहिला पास छापला गेला, गाडी सुटली. मॅनेजरनं शाबासकी दिली. मी बाजूला जाऊन अण्णांना फोन लावला. एवढं तरी त्यांना सांगावं, असं वाटलं.

अक्कांनी उचलला. अण्णांना जाऊन बारा दिवस झाले होते.

“दवाखान्यात मी म्हटलं, फॅक्टरीतल्यांना कळवू या,” अक्का म्हणाल्या. “नको म्हणाले. सगळे भेटायला येतील, बोलतील, आणि त्या पोरीला बोलणी बसतील.”

मी स्टोअर्समध्ये गेले. लक्ष्मम्माजवळ बसून माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. तिनं हातातली पावती खाली ठेवली. किती दिवस झाले, असं विचारलं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, “आम्हाला कुणीच का नाही कळवलं?”

“नन्निंद,” मी म्हटलं. माझ्यामुळं.