मोहनरावांचा माणूस

नेकनूरचा गहिनीनाथ मॅट्रिक झालेला, पण अर्ज लिहायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं आणि सहकारी सोसायटीच्या चारा छावणीवर कारकून हवा होता. नोकरी लागली तर बायकोला, साखराबाईला, सातव्या महिन्यात ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. नाही लागली तर सोमवारी मुकादमाचा ट्रक दारात उभा राहणार होता.

आमच्याकडे अर्जात आधी पुढाऱ्याचं नाव घालायचं आणि मग उरल्या जागेत स्वतःचं. त्यानेही सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांचा माणूस म्हणून ठळक अक्षरात लिहिलं आणि अर्ज देऊन टाकला. मुलाखतीला जाताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर कळलं, की मोहनरावांची खुर्ची गेली, सुंदरराव चेअरमन झाले. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. गहिनीनाथ अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

सुंदररावांनी अर्ज वाचून चष्मा काढला.

“मोहनरावाचं नाव कामून लिवलं रं?”

“समदेच लिवतेत, साहेब.”

“आन् तुला काय येतं, ते कुठं हाय?”

ते अर्जात कुठंच नव्हतं. सुंदररावांनी कोरा कागद पुढं सरकवला. “हितंच बसून लिव.”

अशा वेळी माणसाने दोन साध्या ओळी लिहाव्यात, हिशेब येतो, अक्षर बरं आहे, आणि उठावं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मोहनरावांचा शिक्का पुसायच्या धास्तीने त्याने लिहिलं, की मागच्या दुष्काळात मी त्यांच्या छावणीवर होतो; तिथं सरकारी अनुदान लाटायला नसलेली जनावरं कागदावर चढवत होते, हे मी दावणीची जनावरं मोजून ओळखलं. हे खरंही होतं. फक्त तेव्हा तो भीतीने गप्प बसला होता.

सुंदररावांनी कागद सावकाश वाचला. त्यांच्या ओठांवर हसू दिसलं तसा गहिनीनाथचा जीव भांड्यात पडला.

“लई हुशार हाईस,” ते म्हणाले. “काल त्याची जनावरं मोजलीस, उद्या माझी बी मोजशील. जा.”

घरी साखराबाईने विचारलं, “काय म्हनले?”

“हुशार हाय म्हनले.”

ती समजली. कोपऱ्यातल्या गोधड्या काढून बांधायला बसली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून त्याने दोरी धरली. परमुलखात, उसाच्या फडात हिचे दिवस भरले तर सुईण कुठून आणायची, हे तो तिला विचारू शकला नाही.