वारा शहराकडे नसताना

"टीबी नहीं है," फ्रीगंजमधले डॉक्टर सीटी स्कॅनच्या फिल्मवरून नजर न काढता म्हणाले. आईने लगेच हात जोडले. मग त्यांनी बाबांना विचारलं, "काम धूल का है क्या?"

"कोयले का, साहब. पोर्ट पे."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. आजाराचं नाव न्यूमोकोनिओसिस. बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत जाते, फुप्फुसात बसते आणि तिथला भाग कडक होत जातो. झालेलं भरून येत नाही. पुढचं टाळायचं तर धुळीपासून लांब राहायचं.

बाबा पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात, कोळशाच्या यार्डात सुपरवायझर आहेत. आई आणि मी इथे, किनाऱ्यापासून लांब, हिंदी मुलखातल्या माधव नगरात राहतो. या वेळी सुट्टीवर आले तेव्हा खोकला रेंगाळलेला होताच, शिवाय ते जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांशी गप्पा मारायला लागले. आम्हाला वाटलं, वय झालं, माणूस बोलका झाला. ते दम घेत होते.

पुढची तपासणी स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायचं, म्हणजे फुप्फुसं किती हवा घेतात ते कळतं. "और जोर से, अंकल, और!" टेक्निशियन ओरडत होता. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं फुंकलं असतं तर चूल पेटली असती गं." आई हसली. मला हसता आलं नाही, आणि त्याचं कारण मी तिथे कुणाला सांगू शकले नाही.

मी ज्या कंपनीसाठी घरून काम करते, ती त्याच बंदरातली धूळ आटोक्यात ठेवते. सेन्सर हवेतली धूळ आणि वाऱ्याची दिशा मोजतात, आणि पाण्याचं धुकं फवारणाऱ्या मोठ्या तोफा आपोआप सुरू होतात. बंदराजवळच्या शहरातले लोक वैतागले होते, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे. म्हणून मी नियम लिहिला: वारा शहराकडे असेल तरच फवारा. पाणी वाचलं, तक्रारी थांबल्या, माझं कौतुक झालं. वारा शहराकडे नसताना ती धूळ कुणाच्या अंगावर जाते, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सेन्सर सगळे शहराकडच्या कुंपणावर होते, यार्डात एकही नव्हता.

मी डॉक्टरांना बाहेर गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, ये सालों का जमा है. तुम्हारे एक नियम से नहीं हुआ." खरं असेल. पण तो नियम चालू असताना बाबा तिथेच उभे होते, हेही खरं आहे.

मीटिंगमध्ये मी एरवी कॅमेरा बंद ठेवून ऐकते. त्या आठवड्यात बोलले. यार्डात सेन्सर हवेत, वारा कुठेही असो, माल उतरताना फवारा हवा. पाण्याचा खर्च वाढेल, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, हो, वाढेल. नियम बदलला. बाबांनी मात्र आता यार्डात जायचं नाही.

घरी मी त्यांना विचारलं, "तोफा बंद असायच्या हे तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसायचं की. यार्डातली पोरं चिडवायची, आज तुमच्या मुलीच्या मशीनचा उपवास का म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

ते थोडा वेळ दम घेत राहिले. "तू लहानपणापासून घुमी. ते काम लागल्यापासून रोज आपणहून फोन करून भरभरून सांगायचीस. म्हटलं, कशाला टोका? परत गप्प झाली असतीस."

तुमच्या घरी कुणी धुळीत काम करत असेल आणि खोकला रेंगाळत असेल, तर औषध मागण्याआधी डॉक्टरांना कामाबद्दल सांगा. आणि त्या माणसाला नीट विचारा. मी रोज बाबांना फोन करत होते, पण सगळा वेळ मीच बोलत होते. आता संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसते. त्यांचं एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो. मी मध्ये बोलत नाही.